दोनेकरी

सोयाबीनची शेवटची पात बांधाला लागली तेव्हा दिवस तेरणा नदीच्या अंगाला कलला होता. अकरा बायांची टोळी. सकाळी दव असतानाच विळे चालू झाले होते, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा रानातच सांडतो. भावाला त्या आठवड्यात दवाखान्याच्या कामानं सोलापूरला राहावं लागलं, म्हणून लातूरहून रजा टाकून मी गावी आलो होतो. काढणीचं गुत्तं, म्हणजे ठोक कंत्राट, त्यानंच ठरवून ठेवलं होतं, एकरी 4,000. माझं काम एवढंच की काढणी बघायची, ढीग ताडपत्रीनं झाकायचा आणि संध्याकाळी पैसे मोजून द्यायचे. ज्या रानात आम्ही उभे होतो त्याला घरात, गावात, गड्यांच्या तोंडी सगळे दोनेकरी म्हणतात. दोन एकराचं ते दोनेकरी. म्हणजे 8,000.

मी दुपारी, झाडाखाली बसून कंटाळा आल्यावर, फोनमध्ये रान मोजायचं ॲप सुरू केलं होतं आणि चारी बांधांवरून एक चक्कर मारली होती. आकडा आला 1.76 एकर. मी पुन्हा फिरलो, या वेळी कोपऱ्यांवर थांबत थांबत. तोच आकडा. मग फोनवरच सातबारा काढला, तर तिथे 0.71 हेक्टर. हेक्टरचे एकर केले की पावणेदोन होतात. वीस वर्षं मी पोरांना क्षेत्रफळ शिकवतोय आणि आमच्या स्वतःच्या रानाचं क्षेत्रफळ मी कधी पडताळलं नव्हतं, ह्याचं मला फार आश्चर्य वाटलं. त्या आश्चर्याच्या भरात संध्याकाळी मी टोळी सांभाळणाऱ्या मावशींसमोर फोन धरला, सातबारा दाखवला, शांतपणे समजावून सांगितलं आणि पावणेदोन एकराचे 7,000 त्यांच्या हातावर ठेवले.

मावशींनी नोटा मोजल्या. फोनकडे बघितलंच नाही. डोक्यावरचा रुमाल सोडून झटकला, त्यातून सोयाबीनचा कोंडा उडाला, आणि म्हणाल्या, “रान लहान झालं म्हणायलेत ना सर? मग दर बी नवा धरा की.”

मला वाटलं, ही घासाघीस आहे. मी म्हटलं, “दर तर ठरलेला आहे, मावशी.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. बाया विळे पिशवीत घालून निघाल्या. त्यांच्या पायांतल्या चपलांना काळी माती चिकटून त्या जड झाल्या होत्या, बांधावर एकेकीनं दगडाला चप्पल घासली, तो खर्रखर्र आवाज अजून कानात आहे.

लातूरला परत आलो आणि ते वाक्य डोक्यातून जाईना.

आधी मी हिशेबाकडे वळलो, कारण मला येतं ते तेवढंच. वडिलांच्या एका वहीत दोनेकरीची मापं सापडली. आमच्याकडे जुन्या लोकांचं माप साखळीचं. 33 फुटांची एक साखळी, तिचे 16 आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. वडिलांनी साखळीच्या मापाचा दोर करून बांध मोजले होते. पूर्व-पश्चिम बांध 10 साखळ्या, खालचा आणि वरचा दोन्ही. बाजूचे दोन बांध 8 साखळ्या, तेही दोन्ही सारखे. दहा आठे ऐंशी गुंठे, म्हणजे बरोबर दोन एकर. वहीत ह्या आकड्याखाली वडिलांनी दोन रेघा मारल्या आहेत. मी ती वही घेऊन बराच वेळ बसलो. त्यांची मापं अगदी बरोबर होती. दोर ताणून धरलेला होता, आकडे नीट लिहिलेले होते, गुणाकार चोख होता. चूक मोजण्यात नव्हती. दोनेकरीचे कोपरे काटकोनात नाहीत, चूक तेवढीच. ओढ्यानं ते रान एका बाजूला ढकलल्यासारखं तिरकं केलंय. बाजूचा बांध 8 साखळ्या लांब आहे खरा, पण तो तिरपा चढतो. खालच्या बांधापासून वरच्या बांधापर्यंत सरळ काटकोनात गेलं तर अंतर भरतं 7 साखळ्या. दहा साते सत्तर. 70 गुंठे, पावणेदोन एकर.

पाया गुणिले उंची. बाजू नव्हे, उंची. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. तरी पोरं दरवर्षी समांतरभुज चौकोनात तिरक्या बाजूलाच उंची समजतात, आणि मला दरवर्षी वाटायचं की लक्ष नाही म्हणून चुकतात. आता तसं वाटत नाही. माणूस जिथून चालतो तेच मोजतो. बांधावरून पायवाट जाते, बांधावर बाभळी असतात, तिथं दोर धरता येतो. उंची ही उभ्या पिकातून जाते, तिला पायवाट नसते. ती आधी मनात आखावी लागते.

आमच्या जुन्या घरात आजोबांची एक बाज होती. सागवानी गाते, म्हणजे चौकटीची चार लाकडं, आणि सुंभानं विणलेली. उन्हाळ्यात ती रोज ओसरीतून अंगणात आणि पहाटे अंगणातून ओसरीत यायची, आणि दोघांनी दोन टोकांनी धरून ओढली की सांध्यांतून ढिली होऊन तिरकी व्हायची. चारी गाते तेवढेच, एक इंच कमी नाही की जास्त नाही, पण झोपायला जागा कमी. मी आणि भाऊ एका बाजेवर झोपायचो, त्यामुळे हा फरक आम्हांला अंगानं कळायचा. भाऊ म्हणायचा, बाज आकसली. मग आजोबा एक सुतळी घ्यायचे, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणायचे, तिथं बोटानं धरायचे, आणि तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांत लावून बघायचे. एकीकडे सुतळी उरायची, दुसरीकडे पुरायची नाही. ज्या बाजूला कमी पडते तिथून ते गुडघ्यानं दाब द्यायचे, सांधा कुरकुरायचा, पुन्हा सुतळी. दोन्ही कर्ण सारखे झाले की बाज सरळ. कर्ण हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. गवंडीसुद्धा पाया आखताना हेच करतो, दोन्ही तिरकी अंतरं धरून बघतो आणि मग म्हणतो, आता गुण्यात आलं, म्हणजे काटकोनात.

म्हणजे घरात ज्या माणसाला बाज सरळ करायची युक्ती ठाऊक होती, त्याच घरात रान मोजताना कुणी आडवा दोर धरला नाही. ह्याचं कारण मला सापडत नाही. कदाचित बाज पूर्ण दिसते, चारी कोपरे एका नजरेत मावतात. रानात उभं राहिलं की एका वेळी एकच बांध दिसतो.

भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त ह्या नेमक्या गोष्टीवर थांबून लिहिलंय. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू दिल्या तर क्षेत्रफळ ठरत नाही, कारण त्याच चार बाजूंनी निरनिराळे चौकोन होतात; एखादा कर्ण किंवा लंब द्यावाच लागतो. आणि तो न देता जो क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटलंय, उत्तर देणाऱ्याला तर त्याहून वाईट. मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातला राग आवडला होता. गणिताच्या पुस्तकात राग सहसा भेटत नाही. आता वाटतं, तो राग कशातून आला असेल? त्यांच्या डोळ्यांसमोर अशी मोजलेली रानं, असे झालेले सौदे आले असतील का? चार बाजूंवरून काढलेल्या हिशेबात एक गोष्ट कायम घडते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला, जसा आपल्याकडे प्लॉट घेताना अजूनही सर्रास करतात, तर येणारा आकडा खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी येत नाही. चारी कोन काटकोन असले तर बरोबर येतो, नाहीतर जास्तच. म्हणजे ही चूक कधी इकडे कधी तिकडे अशी झुकत नाही, ती नेहमी एकाच माणसाच्या बाजूनं होते. विकणाऱ्याच्या, आणि एकरावर पैसे घेणाऱ्याच्या.

हे कळल्यावर खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. टोळीला आजवर दोन एकराचे पैसे जात होते, रान पावणेदोन एकर होतं, मी ते दुरुस्त केलं. पण मग मी वहीची पुढची पानं उलटली. भावाचं अक्षर. ह्याच जूनमध्ये दोनेकरीत ट्रॅक्टरनं रोटाव्हेटर मारला, पैसे दोन एकराचे. पेरणी, दोन एकराचे. फवारणी, दोन एकराचे. त्याच्या आधीच्या वर्षी तेच, त्याच्या आधी तेच. इतक्या वर्षांत इतकी यंत्रं त्या रानातून फिरली, कुणाला आम्ही फोन काढून दाखवला नव्हता. दहा गुंठे कमी झाले ते फक्त त्या अकरा बायांसाठी.

ह्याचा अर्थ माझं गणित चुकलं असा नाही. ते बरोबरच आहे. पण मी ते कुठून लावायला सुरुवात केली, हे मला खुपत राहिलं.

दहावीचं भूमितीचं पुस्तक समरूपतेपासून सुरू होतं आणि समरूपता दोन त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरापासून. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे त्यांच्या संगत पायांच्या प्रमाणात असतात. जूनमध्ये शाळा उघडते, बाहेर आभाळ भरून आलेलं असतं, निम्म्या पोरांची घरं पेरणीत असतात आणि मी हे वाक्य फळ्यावर लिहितो. मला हे वाक्य फार आवडतं. त्यात उंची किती आहे हे विचारलेलंच नाही. सारखी आहे एवढं ठाऊक असलं की ती दोन्हीकडून निघून जाते आणि हातात फक्त पाया उरतो. मोजायला सगळ्यात सोपा तोच.

आजोबांनी वाटणी अशीच केली होती. विहिरीचं रान तिकोनी होतं, साडेचार एकर, आणि विहीर बरोबर वरच्या टोकाला. मुलगे तीन. प्रत्येकाला सारखं रान हवं आणि प्रत्येकाला विहिरीला वाट हवी. कुणाच्याही मनात आडव्या दोन रेघा मारून तीन पट्टे करायचं येईल, पण मग खालच्या दोघांना विहिरीवर जायला दुसऱ्याच्या रानातून जावं लागलं असतं. आजोबांनी समोरचा बांध दोरानं मोजला. 18 साखळ्या. सहा-सहा साखळ्यांवर दोन दगड रोवले आणि त्या दगडांपासून विहिरीच्या काठापर्यंत नांगरानं दोन सरळ तासं ओढली. तीन लांबट तिकोनी रानं, तिघांचा पाया सहा साखळ्या, तिघांची टोकं विहिरीवर. दीड-दीड एकर. उंची त्यांनी मोजली नाही, मोजायची गरजच नव्हती. मोजणी खात्याचा माणूस पुढे कित्येक वर्षांनी आला, त्यानं त्याच्या रीतीनं लंब टाकून हिशेब केला, आणि तिघांच्या आकड्यांत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. हे सांगताना आमच्या घरातल्या सगळ्यांचा आवाज अजून थोडा उंचावतो.

पण मधला वाटा माझ्या वडिलांचा होता. दोन्ही चुलत्यांचा एक बांध भावाशी आणि एक परक्याशी. वडिलांचे दोन्ही बांध भावांशी. कुणी नांगरताना बांध कोरला की वडिलांचंच रान कमी व्हायचं, आणि वडिलांचा गडी चुकला की दोन घरांत तोंडं वाकडी व्हायची. शिवाय विहिरीजवळ तिन्ही रानं इतकी निमुळती होत जातात की तिथं औत वळत नाही. कडेच्या दोघांना बाजूच्या पडिकात वळवून घेता यायचं, वडिलांना जागा नव्हती. आई एकदा म्हणाली होती, “दीड एकर तिघांना सारखं मिळालं, पण भांडणं आपल्याला दुप्पट आली.” मी तेव्हा आठवीत असेन. मला ते पटलं नव्हतं. क्षेत्रफळ सारखं म्हणजे सारखं, असं मला वाटायचं, आणि आजोबांवर माझा फार जीव होता.

हेच प्रमेय शिकवताना एका वर्षी विशालकोन त्रिकोण आला. त्याची उंची काढायची तर पाया बाहेर वाढवावा लागतो आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो. एक मुलगी, निलंग्याकडची, तिसऱ्या बाकावरून म्हणाली, “सर, उंची दुसऱ्याच्या रानात गेली.” वर्ग हसला. मी मात्र खडू हातात धरून उभा राहिलो. इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आपल्या रानाचं माप ठरवायला कधीकधी शेजाऱ्याच्या रानात पाय ठेवावा लागतो आणि तो ठेवू देईल का, हा प्रश्न पुस्तकात येत नाही.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आमचं गाव पडलं नाही, भेगा गेल्या. आईच्या बहिणीचं, माझ्या मावशीचं गाव पडलं. पुढे त्या नव्या गावात आम्ही गेलो तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या तोंडी चौरस फूट ऐकला. त्याआधी आमच्याकडे घर खणांत मोजत. पाच खणांचं माळवद, सात खणांचं माळवद. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि त्यात किती माणसं, किती कणग्या मावतात हे ऐकणाऱ्याला आपोआप कळायचं. नव्या गावात घरं तीन मापांची होती, 250, 400 आणि 750 चौरस फूट, आणि कुणाला कोणतं हे जमिनीवर ठरलं होतं. एक हेक्टरपर्यंत आणि भूमिहीनांना सगळ्यात लहान, सात हेक्टरच्या वर असेल त्याला सगळ्यात मोठं. मावशीला 400 मिळालं. काका दारात उभे राहून पावलांनी खोली मोजत होते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे, पुटपुटायचे, परत यायचे. मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन आलो होतो, मी त्यांना म्हटलं, “काका, लांबी-रुंदी सांगा, मी गुणाकार करतो.” ते म्हणाले, “गुणाकार नको रे, बाजा किती बसतील ते बघायलोय.” त्यांच्या घरातल्या किती बाजा आता लागणार नव्हत्या, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. लातूरच्या बसमध्ये बसल्यावर आलं.

मावशींचं वाक्य घेऊन मी हे असं कुठेकुठे फिरून आलो. हरभऱ्याच्या पेरणीला पुन्हा गावी गेलो तेव्हा 1,000 रुपये वेगळे खिशात ठेवले होते. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “द्यायचे तर दे, पण कामून द्यायलास ते तरी तिला नीट सांग.” तेच मला सांगता येत नव्हतं.

मावशी घरासमोर तुरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बसायला पाट दिला, चहा टाकायला सुनेला सांगितलं. मी विषय काढला आणि पुन्हा माझ्या त्या समजावण्याच्या सुरात बोलायला लागलो, की रान खरोखर 70 गुंठे आहे, तिरकं असल्यामुळे… त्यांनी मला थांबवलं. “ते मला ठाऊक हाय की. सात पातीत उरकतंय ते. दोन एकराला आठ लागत्यात.”

मी विचारलं, “सात पाती म्हणजे?”

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. अकरा बाया ओळीनं उभ्या राहतात, एकेकीला दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी. म्हणजे एका फेरीत बावीस तासं मोकळी होतात. ह्या बांधाहून त्या बांधाला गेल्या की एक पात झाली. दोनेकरीत अशा सात पाती. तिफणीची तासं अठरा इंचावर असतात, हे मला माहीत होतं. मी मनात गुणाकार केला. बावीस तासं म्हणजे 33 फूट. एक साखळी. सात पाती म्हणजे सात साखळ्या. तासं खालच्या बांधाला समांतर पेरलेली, बाया एका पातीहून दुसऱ्या पातीला सरकतात त्या तासांना आडव्या, सरळ काटकोनात. जी उंची वडिलांच्या दोरानं मोजली नाही, ती ह्या बायांनी दरवर्षी सुगीला वाकून, विळ्यानं, पावलापावलानं मोजली होती. आणि दर पातीला दहा साखळ्या लांब, एक साखळी रुंद असं दहा गुंठे रान मागं पडत होतं. पाव एकर.

“मग तुम्ही दोन एकराचे पैसे कामून घेत होता?” मी विचारलं. माझ्या आवाजात आरोप नव्हता, असं मला वाटतं.

“घेत कुठं होतो? औंदा शिवारात दर काय चालू होता?”

साडेचार हजार. मला माहीत होतं. भाऊ फोनवर म्हणाला होता की आपल्याला स्वस्तात टोळी मिळाली.

“साडेचारानं पावणेदोन एकराचं किती होतंय ते तुम्हीच बघा सर. तुमच्या घरात दोन एकर म्हणत्यात, तुमच्या वडिलांनी मोजलंय म्हणत्यात. आता त्यांच्या मापाला मी कशाला नाही म्हणू? म्हणून मी चार सांगितलं. दोन एकर तुमचं राहिलं, आठ हजार माझं राहिलं.”

साडेचार हजार गुणिले पावणेदोन, 7,875. त्यांनी आठ धरले होते. दर आणि रान, अशा दोन बाजूंचा एक आयत त्यांनी पुरा विचार करून आखला होता, त्याची एक बाजू आमच्या वडिलांच्या मानासाठी वाढवून ठेवली होती आणि तेवढ्यासाठी दुसरी बाजू स्वतःहून आत घेतली होती. मी येऊन एक बाजू खरी केली आणि दुसरी होती तिथंच सोडली. मग दर बी नवा धरा की. त्या संध्याकाळी त्यांनी मला पूर्ण उत्तर दिलं होतं.

चहा आला. गुळाचा होता, सुंठ घातलेला. मावशी म्हणाल्या, पुढच्या साली एकरावर नको, पातीवर बी नको, कारण बाया कधी नऊ येतात कधी तेरा. तासावर ठरवा. तासं काही कमी-जास्त होत नाहीत, 154 आहेत, आणि सगळी सारख्या लांबीची. तासाला 52 रुपये. मी हिशेब करेपर्यंत त्या म्हणाल्या, “आठ हजार आठ. वरचे आठ सोडते.”

मी खिशातले हजार काढले, पाचशेच्या दोन नोटा. त्यांनी घेतल्या नाहीत. “असे नको. सुट्टे आणा. अकराजणीत वाटायचेत.” मी चौकातल्या किराणा दुकानावर गेलो, पन्नासाच्या, दहाच्या नोटा करून आणल्या. मावशींनी तिथंच जमिनीवर, मघाशी ओढलेल्या रेघांवर, अकरा वाटे लावले. प्रत्येक वाट्याजवळ थांबून एकेकीचं नाव घेतलं. स्वतःचा वाटा शेवटी, तेवढाच, नव्वद रुपये. वारा होता म्हणून प्रत्येक वाट्यावर तुरीच्या दोन-दोन शेंगा ठेवल्या.

दहाची एक नोट उरली. ती त्यांनी माझ्या हातावर परत ठेवली.